सही आजींची, मजकूर कुणाचा? नागपुरातल्या एका सनदेचं प्रकरण

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, वय आणि रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

आजी तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या टेबलावर त्या दिवशी वकील म्हणून माझी पाळी होती. सत्तरीच्या पुढच्या बाई, सोबत धाकटा मुलगा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मले येवढंच सांगा जी, आमचे पैसे आले का नाई आले?"

त्यांचं गाव कुही तालुक्यातलं, गोसीखुर्दच्या बुडितातलं. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ ची. त्यानंतर संपादन, मोबदला, पुनर्वसन आणि वाढीव मोबदल्याचे दावे हे सगळं या भागातल्या माणसांच्या आयुष्यात ऋतूंसारखं येत-जात राहिलं. आजींच्या यजमानांची तीन एकर जमीन गेली. मिळालेला मोबदला त्यांनी हरकत नोंदवून उचलला आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली दर वाढवून मागितला. निकाल लागायच्या आधीच ते वारले. आजी वारस म्हणून दाव्यात आल्या.

या दाव्यांतला हिशेब बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कोर्टानं दर थोडाच वाढवला तरी त्या वाढीवर ३० टक्के दिलासा रक्कम, दरसाल १२ टक्के अतिरिक्त घटक, आणि ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के व नंतर दरवर्षी १५ टक्के व्याज लागतं. एकरी काही हजारांची वाढ पंधरा-वीस वर्षांनी अशीच लाखांत जाते. आजींच्या नावावर जमा झालेली रक्कम ९,३८,००० रुपये होती. पिशवीतले कागद सांभाळणाऱ्या बाईला हा आकडा ठाऊक नव्हता.

आजींचे वकील पंचवीस वर्षांहून जास्त काळ प्रॅक्टिस करणारे. आसपासच्या चार-पाच गावांतले असे दावे त्यांच्याचकडे होते आणि ते त्यांनी चांगले चालवले होते, हे लिहिलंच पाहिजे. दर वाढवून आणण्यासाठी शेजारच्या गावांतली खरेदीखतं शोधणं, ती सिद्ध करणं हे कष्टाचं काम आहे. ते त्यांनी केलं होतं. गावात त्यांना मान होता. आजींच्या नातीच्या लग्नात ते जेवून गेले होते आणि जाताना "महामंडळाकडून थोडे आगाऊ आले" (महामंडळ म्हणजे धरणाचं पाटबंधारे महामंडळ) म्हणून ६०,००० रुपये रोख देऊन गेले होते.

संशय आला तो शेजाऱ्यामुळे. एकाच निवाड्यातली जमीन, एकाच दिवशी दाखल झालेला दावा, तोच वकील. शेजाऱ्यानं आलेल्या पैशांतून घराचा स्लॅब टाकून तीन वर्षं झाली होती आणि आजींना अजून "महामंडळ अपिलात गेलं, हायकोर्टाचा स्टे आहे" असंच सांगितलं जात होतं.

अडचण

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दावा क्रमांक टाकला. निकाली. नकलेचा अर्ज दिला आणि बारा दिवसांनी रोजनाम्याची (दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची) आणि रक्कम उचलण्याच्या अर्जाची प्रमाणित प्रत हातात आली. रक्कम जमा झाली होती आणि उचललीही गेली होती. स्टे कधी नव्हताच, कारण हायकोर्टात अपीलच नव्हतं.

कोर्टानं आपल्या बाजूनं काळजी घेतली होती. धनादेश वकिलाच्या नव्हे, आजींच्याच नावाचा होता. पण ज्या खात्यात तो जमा झाला ते खातं गावच्या बँकेतलं नव्हतं. नागपुरातल्या एका बँकेत ते महिनाभर आधी उघडलेलं. ओळख देणारे वकीलसाहेब, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्यांच्या क्लार्कचा. म्हणजे पैसे आल्याचा संदेश गेला तो क्लार्ककडे. खात्यातून तीन धनादेशांनी रक्कम निघाली: ४ लाख, ३ लाख आणि २ लाख ३० हजार. पहिले दोन 'सेल्फ', तिसरा क्लार्कच्या नावाचा. खात्यात ८,००० शिल्लक.

तिन्ही धनादेशांवर सही आजींचीच. त्यांना नावापुरती सही येते, तीही शिरोरेषा शेवटी ओढून. "कागद आणले की सह्या करत होती मी," त्या म्हणाल्या. वकीलपत्रावर, शपथपत्रावर, रिकाम्या कागदावर, धनादेशावर. त्यांच्या लेखी तो सगळा कोर्टाचाच कागद.

गाठ आणखी एका गोष्टीनं घट्ट झाली. वाढीव रकमेच्या पंचवीस टक्के फी ठरली होती. गावात याबद्दल कुणालाच काही वाटत नव्हतं. शेजाऱ्यानंही दिली होती आणि वर "माणूस चांगला हाय" असं प्रमाणपत्रही दिलं होतं. या प्रथेला तिकडे चौथाईच म्हणायला हवं. नागपूरकर भोसल्यांनी ती बंगालपर्यंत जाऊन वसूल केली, इथे ती कुहीतच वसूल होते. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत मात्र निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं स्पष्ट मना आहे. आजींनी तो करार तोंडी मान्य केला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहिला की हा फीचा वाद आहे की अपहार. वकील हा फीचाच वाद म्हणून मांडणार, हे उघड होतं.

समोर असलेले मार्ग

मुलाला पैसे हवे होते. ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. आजींना काय हवं होतं ते बराच काळ माझ्या लक्षात आलं नाही.

पोलिसांत जाता येत होतं. हे सगळं १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू होण्याआधीचं, म्हणून कायदा भारतीय दंड संहितेचा: विश्वासघाताचं कलम ४०६, फसवणुकीचं ४२०. पण ठाण्यात पहिलं उत्तर काय मिळेल हे कोणत्याही वकिलाला विचारा. दिवाणी बाब आहे.

दिवाणी दावा करता येत होता. मुदत तीन वर्षांची, पण फसवणूक असेल तर ती कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे वेळ होता. आपल्याला वेळ आहे या समजुतीनेच पुढे आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं.

ग्राहक आयोगाचं दार तेव्हा अर्धवट उघडं होतं. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते असं राष्ट्रीय आयोगानं २००७ मध्ये म्हटलं होतं, पण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकून होतं. १४ मे २०२४ च्या निकालानं ते दार बंदच झालं. तेव्हा आम्ही तिकडे गेलो नाही, हे नशीबच.

आणि बार कौन्सिल. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिल, म्हणजे आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, गैरवर्तनाची तक्रार आपल्या शिस्तपालन समितीकडे पाठवू शकते. समिती तिघांची असते, दोघे कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. समिती चारपैकी एक करू शकते: तक्रार फेटाळणं, समज देणं, काही काळ सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करणं, किंवा नाव वकिलांच्या पटावरून कायमचं काढणं. पैसे परत द्या असा आदेश या चारांत नाही. हे मी आजींना आणि मुलाला तीनदा समजावून सांगितलं. मुलगा म्हणाला, "मग फायदा काय?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तेव्हा त्याचं चांगलं उत्तर नव्हतं.

काय केलं

सुरुवातीला वकिलांना नोटीस पाठवली, पण त्यात आरोप एकही नव्हता. आचारनियमांप्रमाणे पक्षकारानं मागितला तर त्याच्या पैशांचा हिशेब वकिलानं दिलाच पाहिजे. आम्ही फक्त हिशेब मागितला: किती रक्कम आली, कधी आली, कुठे गेली. मुदत तीस दिवस.

मुदत संपायला दोन दिवस असताना उत्तर आलं. सोबत शंभर रुपयांच्या मुद्रांकावर एक पावती होती, आजींच्या सहीची. "ठरल्याप्रमाणे २५ टक्के फी रु. २,३४,५०० वजा जाता उर्वरित रु. ७,०३,५०० मला रोख मिळाले, माझी काही तक्रार नाही." खाली तारीख. मजकूर वर सैल आणि सहीजवळ येताना दाटीवाटीनं टंकलेला, जसं एस.टी.त शेवटच्या सीटवर सहा जण बसावेत.

आजींनी सही ओळखली, पावती ओळखली नाही.

मी हताश झालो होतो. सही खरी असेल तर पुढचं सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. शिस्तपालनाच्या कामात पुरावा नुसता "शक्यता अधिक" इतका असून भागत नाही. एखाद्याची उपजीविका जाणार असते, म्हणून समित्या जवळजवळ फौजदारी खटल्याइतका भक्कम पुरावा बघतात. आठवड्यानं बँकेचा खातेउतारा आला आणि मी तो पावतीशेजारी ठेवला. पावतीवरची तारीख खात्यात धनादेश जमा होण्याच्या नऊ दिवस आधीची होती. कोर्टानं धनादेश काढला ती तारीख त्यांनी पावतीवर टाकली होती. म्हणजे आजींच्या खात्यात एक रुपयाही नसताना त्यांना सात लाख रोख "मिळाले" होते. आमच्या नोटिशीत बँकेतली तारीख नव्हती, म्हणून ते चुकले. त्यात आमची हुशारी काहीच नाही. नोटीस पाठवली तेव्हा ती तारीख आमच्याकडेच नव्हती.

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. पावतीत पंचवीस टक्के फी लिहून त्यांनी निषिद्ध करार स्वतःच कबूल केला होता. आणि मुलाच्या फोनमध्ये क्लार्कचा व्हॉट्सॲप संदेश होता, "साहेब म्हणाले स्टे अजून आहे, दिवाळीनंतर बघू." पैसे निघाल्याला तेव्हा पाच महिने झाले होते. आजींना खरंच सगळे पैसे मिळाले असते तर त्यांना स्टेची बातमी देण्याचं काय कारण?

तक्रार लिहायला घेतली तेव्हा पहिला मसुदा एकोणीस पानांचा झाला. त्यात संताप भरपूर होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं तो वाचून परत दिला, म्हणाले, "कौन्सिलला आधी प्रकरण समितीकडे पाठवण्यासारखं आहे का एवढंच बघायचंय. रडगाणं कशाला?" शेवटी तक्रार चार पानांची झाली: तारखांचा तक्ता, सहा कागद, प्रत्येकाला क्रमांक. तरीही पहिल्या वेळी ती परत आली. दाव्यासारखं सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं) राहिलं होतं आणि प्रती कमी होत्या. दीड महिना असाच गेला.

सोबत पोलिसांतही गेलो. "दिवाणी बाब" हे ऐकून परत आलो आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश घेतला. पावतीमुळे नंतर बनावट दस्तऐवजाची कलमंही लागली.

माझ्या बाजूची गोष्टही इथे सांगायला हवी. त्या वकिलांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो. बार रूममध्ये आमची टेबलं फार लांब नव्हती. तक्रारीची बातमी पसरली तेव्हा कुणी भांडलं नाही, फक्त चहाला बोलावणारे कमी झाले. एक जण सहज म्हणाला, "उद्या तुझ्यावर वेळ आली तर?" वकिलाविरुद्ध वकील उभा राहत नाही, असं लोक म्हणतात. उभं न राहण्याला कुठलाही नियम नाही, फक्त ही चहाची टेबलं आहेत.

तडजोडीचा दिवस

समितीसमोर मुंबईत दोन तारखा झाल्या. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, हायकोर्टापर्यंत चालत जायचं, पुढची तारीख घ्यायची आणि परत यायचं. दुसऱ्या तारखेनंतर निरोप आला: चार लाख देतो, तक्रार मागे घ्या, शपथपत्र तयार आहे.

निरोप आणणारे दोघे मानाचे, वयानं मोठे वकील होते आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलगा लगेच तयार झाला. माझी चूक अशी की त्या रात्री मी त्याला समजावण्याऐवजी तत्त्वं सांगत बसलो. ज्याच्या दारात फायनान्स कंपनीचा माणूस उभा आहे त्याला तत्त्वं सांगायला मला काय लागत होतं?

कायद्याची बाजू अशी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तक्रारदारानं माघार घेतली, तडजोड झाली किंवा त्याला पुढे चालवायचं नाही, एवढ्यावरून चौकशी बंद होत नाही. एकदा सुरू झाल्यावर प्रश्न पक्षकार आणि वकील यांच्यापुरता उरत नाही, हा माणूस पटावर असावा का, असा होतो. व्यवहारात मात्र तक्रारदारानंच "मला पैसे मिळाले, गैरसमज झाला" असं शपथेवर सांगितलं तर पुरावा उरतो कुठे? म्हणून त्या शपथपत्राची किंमत चार लाख होती. आणि "तक्रार मागे घेतो, पैसे द्या" हा सौदा आमच्या बाजूनं झाला असता तर तो आम्हालाही शोभला नसता. उद्या त्यालाच खंडणी म्हणायला कुणी मागे राहिलं नसतं.

आजी इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "पैसे माहेच हायेत तं घेतो. पण आता कागदावर सही नाई करत."

त्या एका वाक्यानं मार्ग मोकळा झाला. आम्ही लेखी कळवलं की आजींच्या येणे रकमेपैकी काही भाग परत करायचा असेल तर डिमांड ड्राफ्टनं करावा, पावती फक्त तेवढ्याच रकमेची मिळेल, तक्रार आणि फौजदारी प्रकरण चालूच राहील. आणि त्याच दिवशी हा सगळा पत्रव्यवहार समितीकडे पाठवून दिला, लपवण्यासारखं काही राहू नये म्हणून. मला वाटलं होतं आता काहीच मिळणार नाही. सात आठवड्यांनी साडेतीन लाखांचा ड्राफ्ट आला. परतफेड केली होती असं पुढे शिक्षेच्या वेळी सांगता यावं, असा हिशेब त्यामागे असावा.

मुंबईहून दिल्लीला

राज्य समितीनं तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल दिला नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. आमचं तसंच झालं. समोरच्या बाजूनं पाच वेळा मुदत मागितली होती. त्यातल्या दोन वेळा आम्हीही हरकत घेतली नाही, कारण आम्हालाही उतारे हवे होते. कागद दिल्लीला पोचायलाच काही महिने गेले. वर्ग झालेल्या तक्रारी वर्षभरात निकाली काढा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे, ते आमच्या उपयोगाला आलं.

इथे पुन्हा एक निर्णय घ्यायचा होता. समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ती साक्षीदार बोलावू शकते, शपथपत्रावर पुरावा घेऊ शकते, साक्ष नोंदवायला आयुक्तही नेमू शकते. आजींची साक्ष नागपुरातच नोंदवून घेता आली असती. तब्येत पाहता तेच सोयीचं होतं. आम्ही दोन दिवस विचार केला आणि त्यांना जीटी एक्स्प्रेसनं दिल्लीला नेलं. कागदावर सगळं त्यांच्या विरुद्ध होतं, प्रत्येक सही त्यांची होती. या बाई कशा सही करतात हे समितीनं डोळ्यांनी पाहावं असं मला वाटत होतं. बरोबर ठरलं म्हणून हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. वाटेत त्यांना ताप आला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

राऊज अव्हेन्यूवरच्या त्या खोलीत उलटतपासणी अर्धा तास चालली, हिंदीत, आणि मधे मधे मराठीत समजावून. मुख्य प्रश्न अपेक्षित होता: "सही तुमचीच आहे ना?"

"सही माही. वरचं माहं नाई."

मग समितीच्या अध्यक्षांनी त्यांना कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. आजींनी माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं नाही, आणि विचारलं, "वर काय लिवनार हाय?" अध्यक्षांनी आधी कागदावर "समितीसमोर नमुना सही" असं लिहिलं, ते त्यांना वाचून दाखवलं, मग त्यांनी सही केली. मला वाटतं प्रकरण तिथेच संपलं होतं, बँक अधिकाऱ्याची साक्ष त्यानंतर झाली तरी.

निकाल

अपहार आणि बनावट पावती दोन्ही सिद्ध झाल्याचं समितीनं म्हटलं. शिक्षेवर वेगळा युक्तिवाद झाला. पंचवीस वर्षांची निष्कलंक प्रॅक्टिस, वय, साडेतीन लाखांची परतफेड, यावरून काही वर्षांची स्थगिती पुरे असं समोरून मांडलं गेलं. आम्ही २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल ठेवला. उत्तर प्रदेशातल्या एका निरक्षर वृद्धाचे भूसंपादनाचे ८,११८ रुपये वकिलानं उचलून ठेवले आणि तक्रार झाल्यावर समझोत्याचं खोटं शपथपत्र दाखल केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं तीन वर्षांची स्थगिती दिली होती. न्यायालयानं ती अपुरी ठरवून नाव पटावरून काढायला लावलं. आमच्या प्रकरणाशी इतकं साम्य की वाचताना अंगावर काटा येतो: तेच भूसंपादन, तीच सही, तोच नंतर बनवलेला कागद.

नाव पटावरून काढण्याचा आदेश झाला. त्यांनी कलम ३८ खाली साठ दिवसांच्या मुदतीत सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. अपील केल्यानं आदेशाला आपोआप स्थगिती मिळत नाही, आणि ती मिळालीही नाही. फौजदारी खटला आरोपपत्रानंतर साक्षीदारांच्या टप्प्यावर आहे.

पैशांचा हिशेब: ९,३८,००० पैकी आजींच्या हाती ६०,००० आणि ३,५०,००० मिळून ४,१०,०००, शिवाय खात्यातले ८,०००. बाकीच्या ५,२०,००० साठी दिवाणी दावा चालू आहे.

आज काय वेगळं केलं असतं

सगळ्यात आधी, दिवाणी दावा पहिल्याच महिन्यात. मुदत कळल्या दिवसापासून आहे म्हणून आम्ही तो मागे ठेवला आणि शेवटच्या चार महिन्यांत दाखल केला. तोपर्यंत वकिलांचा प्लॉट पत्नीच्या नावावर गेला होता. निकालाआधी जप्तीचा अर्ज वेळेत दिला असता तर तो प्लॉट तरी अडकला असता. सनदेच्या मागे धावताना पैशाची वाट मी मोकळी सोडली. मुलगा हे मला अजून ऐकवतो, आणि त्याचं बरोबर आहे.

नोटिशीबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. तीस दिवसांच्या मुदतीनं त्यांना पावती बनवायला वेळ दिला. पण ती पावती नसती तर प्रकरण फीच्या वादात रुतलं असतं, आणि कदाचित समज देऊन सुटलं असतं. तरी पुढच्या वेळी मी आधी बँकेचा उतारा आणि धनादेशांच्या प्रतिमा हातात घेईन आणि मग हिशेब मागेन. सुदैवावर दुसऱ्यांदा विसंबणं बरं नव्हे.

मुदतवाढीला हरकत न घेणं ही निव्वळ सवय होती. वकील एकमेकांना तारीख देतात, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. या प्रकरणात त्या सौजन्याची किंमत आजींनी दिली.

शेजाऱ्याला साक्षीला बोलावलं नाही, याचीही खंत आहे. त्याचे पैसे मिळाले होते, पण त्याच्याही फीत चौथाईच होती. त्याची साक्ष आली असती तर हा एका बाईचा अपवाद नाही हे दिसलं असतं. तो यायला तयार नव्हता आणि मी फार आग्रह केला नाही. गावात त्याला राहायचं होतं.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच आराखड्यात नव्हती. नाव पटावरून गेल्यावर त्या ऑफिसात चालू असलेल्या दाव्यांच्या फाइली उरल्या, आमच्या मोजणीप्रमाणे चाळीसच्या वर. आदेशात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. पक्षकारांना कुणी कळवलं नाही. ते तारखेला येत, दारावरची पाटी बदललेली बघत, आणि त्या वकिलांच्याच भाच्याला वकीलपत्र देऊन जात. फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच स्पष्ट केलं आहे, पण हे त्या लोकांना सांगणार कोण? विधी सेवा प्राधिकरणाच्या टेबलावर आम्ही एक यादी करायला घेतली. पहिली सात नावं आजींनी सांगितली, गाव आणि गट क्रमांकासकट.

मागच्या महिन्यात आजी दिवाणी दाव्याच्या तारखेला आल्या होत्या. मी वकीलपत्राचा नवीन नमुना पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, मुलाला तो मोठ्यानं वाचायला लावला, एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे भरा आधी."